दिवाळीनंतरचा लसूण

विभावरीकाकूंना काही सुचवायला जाऊ नये हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी दर वेळी जाते आणि तोंडघशी पडते. त्या एप्रिलमध्येही पडले.

"काकू, ब्रॉड बीन्स लावा. थंडी सोसतात, बघावं लागत नाही आणि हीप्स येतात, अगदी ढिगाने."

"हीप्स येऊन करू काय? विकायला बसू?"

"मग कोबी?"

"एक गड्डा एकटीला आठवडाभर पुरतो, मधू. दोन्ही वेळा कोबी. तू खाशील?"

उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून त्या समोरच्या मोकळ्या मातीकडे बघत होत्या. भूकंपानंतर ख्राइस्टचर्चमध्ये जी घरं पाडली, त्यांच्यापैकी काहींच्या जागेवर आमची ही कम्युनिटी गार्डन आहे. कुणाच्या तरी परसातलं प्लमचं झाड अजून मधोमध उभं आहे. घर मात्र नाही. झाडाच्या एका अंगाला माझा प्लॉट, दुसऱ्या अंगाला चित्रे काका-काकूंचा. चंद्रशेखरकाका फेब्रुवारीत गेले, तरी मी काका-काकूंचाच म्हणते. दुसरं काही तोंडात येत नाही.

इथे हिवाळा जूनमध्ये येतो, आणि बागेचा नियम असा की हिवाळ्यात प्लॉट उघडा टाकायचा नाही. एप्रिलच्या शेवटी सगळे जमून साफसफाई करतात, त्या दिवशी काय लावणार ते ग्लेनिसला सांगायचं. नाही सांगितलं तर प्लॉट रांगेतल्या पुढच्या माणसाला. ग्लेनिस म्हणजे आमच्या बागेची सर्वेसर्वा. बाई प्रेमळ, पण नियम म्हणजे नियम.

आणि काकूंचा मुलगा क्षितिज तिकडे ऑकलंडला, अल्बनीत. त्याने खोली रंगवून ठेवली होती आणि रोज फोनवर विचारायचा, "आई, कधी येतेस?" काकू हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. मला सरळ दिसत होतं की प्लॉट हातून गेला की काकू गेल्या. कोबी की बीन्स हा प्रश्नच नव्हता. इथे राहायचं की नाही, एवढाच होता. त्यांनी राहावं असं मला फार वाटत होतं. माझी आई नागपूरला आणि इथे हक्काने रागवणारं दुसरं कोणी नाही.

चंद्रशेखरकाकांबद्दल सांगायला हवं. भूकंपानंतर शहर पुन्हा उभारायला जे इंजिनिअर आले, त्यांतले ते. पुण्याची चांगली नोकरी सोडून पंचावन्नाव्या वर्षी आले. इमारतीतलं त्यांना सगळं कळायचं. इथे ऊन उत्तरेकडून येतं, तेव्हा बैठकीची खोली उत्तरेला हवी, हे भेटेल त्याला समजावून सांगायचे. पण लसूण? लसूण त्यांच्या वडिलांनी तळेगावला भाऊबीज झाली की लावला होता, म्हणून हेही भाऊबीज झाली की लावणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भर वसंतात! लसणाला थंडी खावी लागते, त्याशिवाय त्याच्या पाकळ्या सुटत नाहीत. इथे तो हिवाळ्याआधी नाहीतर ऐन हिवाळ्यात लावतात. ग्लेनिसने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, एकदा तर मी चिडून कॅलेंडरच त्यांच्या पुढ्यात धरलं.

"दिवाळी तर झाली ना?" काका म्हणाले. "मग झालं तर."

दर उन्हाळ्यात तेच व्हायचं. काका उकरायचे आणि खालून गोट्यांएवढे गोल गड्डे निघायचे. पाकळ्या नाहीतच, सगळा मिळून एक गोळा. मला हसू आवरायचं नाही. काका माती झटकत म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघ." आणि काकू, ज्यांनी आयुष्यात नवऱ्याची एकही चूक सोडली नसेल, त्या तेवढ्या वेळी म्हणायच्या, "बरं झालं बाई, सोलायला सोपा."

त्या फेब्रुवारीतही काकांनी लसूण काढला, जाळीच्या पिशवीत भरून शेडमधल्या खिळ्याला टांगला, आणि त्याच आठवड्यात ते झोपेत गेले.

साफसफाईच्या दिवशी ग्लेनिस "किया ओरा" असा इथला नमस्कार करत काकूंकडे आली. हळू आवाजात म्हणाली की काही ठरत नसेल तर मोहरी पेर. उगवली की फुलं यायच्या आधी खणून मातीतच गाडायची, जमीन सुधारते. प्लॉट सोडणारी माणसं जाताना तेवढं करून जातात, हेही तिने सांगितलं. आडून सुचवत होती बिचारी.

ती पुढे गेल्यावर काकू माझ्यावर उखडल्या. "खायची नाही, फोडणीला घालायची नाही, मग पेरायची कशाला? गाडायला?"

"मी कुठे म्हटलं?"

"तू काही म्हणू नकोस. मोहरी तर मोहरी. उद्या क्षितिजला सांगते तिकिटाचं." आणि त्या शेड आवरायला निघून गेल्या. मला रडू येत होतं. मी उगाचच प्लमखालची पानं ओढत राहिले.

थोड्या वेळाने त्या ती जाळीची पिशवी घेऊन बाहेर आल्या. "हे घरी न्यायचं राहिलंच. मला खाववलं नसतं. तू ने."

ग्लेनिस तिथेच फावडं धूत होती. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि एक गोळा तळहातावर घेतला. म्हणाली, अगं, हे खाऊ नका, लावा. हा बिनपाकळीचा गोळा म्हणजे अर्धवट राहिलेला लसूण. थंडीच्या आधी मातीत गेला की पुढच्या उन्हाळ्यात त्याचा भरलेला गड्डा होतो.

मी इतकी वर्षं त्या गोळ्यांना हसत होते आणि हे मला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं. ते दर वर्षी गोळे खाऊन टाकायचे आणि भाऊबीजेला इंडियन ग्रोसरीतून नवा लसूण आणून लावायचे.

 काकू बादलीवर बसल्या. "पुढच्या वर्षी बघ, म्हणायचे. ए मधू, ती खुरपी दे इकडे."

मे महिन्यात सगळे गोळे मातीत गेले. काकांच्या पद्धतीने, वीतभर अंतरावर, दोरी बांधून अगदी सरळ. क्षितिजला फोनवर कळवलं ते असं: "लसूण लावलाय. निघाल्याशिवाय मला येता यायचं नाही." क्षितिज म्हणाला, "आई, लसणासाठी?" काकूंनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "हो, लसणासाठी." काय सांगणार त्याला दुसरं?

हिवाळाभर दंव पडायचं, पाती पांढरी व्हायची. काकू मफलर गुंडाळून बघून जायच्या. दिवाळी आली तेव्हा पात गुडघ्याला लागत होती. त्या दिवशी त्यांनी तिथे पणती लावली. वाऱ्याने ती लगेच विझली, तर वाऱ्याला शिव्या दिल्या.

ख्रिसमसच्या सुट्टीत क्षितिज न्यायला आला. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच वाफ्यात उतरला आणि त्यानेच पहिला गड्डा उपटला. मोठा, जांभळट सालीचा, मुठीएवढा गड्डा. त्याने तो दाबून फोडला तशा पाकळ्या खाली सांडल्या.

"बाबांचा लसूण?" तो म्हणाला आणि खाली बसून पाकळ्या वेचू लागला.

त्या संध्याकाळी काकूंकडे जेवायला मीही होते. काकू फोडणीसाठी लसूण सोलत होत्या. एक पाकळी, दुसरी पाकळी, तिसरी. "किती वेळ लागतो मेला सोलायला," असं म्हणाल्या आणि सुरी बाजूला ठेवून हमसून रडल्या. फेब्रुवारीनंतर मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. क्षितिज शेजारी बसून राहिलेल्या पाकळ्या सोलत राहिला.

जेवणानंतर त्यांनी सगळा लसूण ओट्यावर पसरला, टपोरे गड्डे निवडून बाजूला काढले आणि त्यांचे दोन वाटे केले. एक काकांच्या जाळीच्या पिशवीत भरून आपल्याच खिडकीत टांगला. क्षितिज त्या पिशवीकडे बघत होता.

"म्हणजे तू येणार नाहीस," तो म्हणाला.

"येईन की, राहून जाईन. पण मेमध्ये मला इथे लावणी आहे." दुसरा वाटा त्यांनी त्याच्या हातात दिला. "हा तुझा. तुमच्या अंगणात लाव. आणि हे बघ, दिवाळीची वाट बघू नकोस."