पंधरा मिनिटांचं पत्रक

माझ्या लॅपटॉपचं घड्याळ एकदम साडेपाच तास मागं दाखवू लागलं. मी आपोआप वेळ लावायची सोय बंद केली आणि हातानं वेळ टाकली. तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी कंपनीचा आठचा भोंगा झाला तेव्हा पडद्यावर सात सत्तावन्न होते. बुधवारी सात चोपन्न.

मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढले. कंपनी कामगारांचा वेळ चोरते, हे भोंगा ऐकायच्या आधीच मला पाठ होतं. त्यामुळे संशय आला तो कंपनीचा. घड्याळाचा आलाच नाही. सालवडच्या आमच्या खिडकीत बसून मी रोज नोंद करत राहिले. शनिवारी भोंगा सात पंचेचाळीसला वाजला आणि मी तासाभरात पत्रक लिहून काढलं : ‘चोरी रोज तीन मिनिटांनी वाढते आहे!’ खाली साक्षीदार म्हणून शेजारच्या काकीचं नाव. ती त्याच कंपनीत पॅकिंगला, ठेकेदाराकडून. आदल्या दिवशी घाईत विचारलं तेव्हा तिनं नुसतं ‘टाक’ म्हटलं होतं. पालघरला जाऊन दुपारपर्यंत तीनशे प्रती छापून आणल्या. सोमवारी गेटवर वाटायच्या होत्या.

काकीची आठवड्याची सुट्टी शनिवारी असायची. लॅपटॉप उघडून मी तिला नोंदी दाखवल्या. तिनं चष्मा शोधला, सावकाश वाचलं.

“आन सांच्याला कवा वाजतो?”

“ते नाही बघितलं.”

“बस मग. आता वाजंल.”

साडेचारचा भोंगा झाला. आम्ही दोघींनी वाकून पडद्याकडे पाहिलं. चार पंधरा.

“अगो बाय! पंधरा मिनिटं आधी सोडतात आमाला,” काकी म्हणाली. “कंपनीला दया आली की गो.”

मी फोन पाहिला. साडेचार. हा फोन पाचही दिवस माझ्या हातात होता. एकदाही ताडून पाहिलं नाही, कारण आकडे मला हवे तसेच येत होते.

काकी हसायची थांबली. “आन या खोट्या कागदावर माजं नाव? सोमवारी दुपारपर्यंत मला गेटाबाहेर काडतील. मग घरी बसवून कोण पोसंल मला, तू?”

मी पत्रकांचा गठ्ठा आणि लॅपटॉप उचलला आणि तशीच बोईसरला दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं खालचं झाकण उघडलं, नखाएवढा गोल सेल काढून मीटर लावला. “मॅडम, सेल डाऊन है. बंद करोगे तो टाइम पीछे रहेगा ही.” मी तो रोज रात्री बंद करत होते. नवा सेल घातला. आधीच्या साडेपाच तासांचं कारण वेगळंच निघालं, वेळेसाठी भारताऐवजी परदेशातलं ठिकाण निवडलं गेलं होतं. पाच मिनिटांचं काम. मी आठवडाभर त्यावर लढा उभा करत होते.

रविवारी सकाळी भोंगा आठला वाजला. बरोबर आठला. मला त्याचा आनंद झाला नाही, आणि त्याचीच लाज वाटली.

काकी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा मी तिच्या ओट्यावर बसले होते. “चुकलं माझं,” म्हटलं. “गठ्ठा फाडून टाकला.”

“भोंगा बरोबरच हाय गो,” ती चपला काढत म्हणाली. “पर आमाला तो वाजायच्या आधी वीस मिनिटं फुकट टोपी-मोजे घालून पॅकिंगच्या पट्ट्याजवळ उभं रावं लागतं. उशीर झाला की सुपरवायझर परत पाठवतो. बारा बायका हावोत आमी.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू इचारलंस कवा? तू खिडकीत बसलीवतीस.”

मी वही उघडली. बारापैकी कोण बोलेल, कोण नाही, हे ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. शेवटी मी हळूच विचारलं, नव्या पत्रकावर तुझं नाव टाकू?

ती पाय चोळू लागली.

“आधी बाराजणींना वाचून दाव,” ती म्हणाली. “मग बगू.”