दसऱ्याला अडलेलं इंजिन

आमच्या घणसोलीच्या फ्लॅटमधली मागची खोली रेल्वेच्या ताब्यात आहे. म्हणजे माझ्या ताब्यात. पण स्टेशनमास्तर, गँगमन आणि ड्रायव्हर मीच असल्यामुळे ‘रेल्वे’ म्हटलं की जरा वजन पडतं. मोठ्या प्लायवूडच्या टेबलावर बोटभर रुंदीचे रूळ, एक बोगदा आणि एक स्टेशन. स्टेशनचे सुटे भाग परदेशी खोक्यातून आले होते, घासून चिकटवायचे. खोक्यावरच्या चित्रात छपरावर बर्फ होता. मी छपरावर तांबडी कौलं रंगवली, भिंती जांभ्या दगडाच्या केल्या, आणि धुराडं उरलं त्याचं तुळशीवृंदावन केलं. स्टेशनच्या दारात तुळस कशी, असं कुणी विचारलं तर सांगतो, मास्तरांची बायको हौशी आहे.

मास्तरांच्या खऱ्या बायकोला ती खोली शिवणासाठी हवी होती. ती ब्लाउज शिवते. मशीन हॉलमध्ये, टीव्हीला खेटून.

“अहो, तुमची गाडी चालते कमी आणि उताणी जास्त असते,” ती म्हणायची.

खरं होतं. या इंजिनाला वीज मिळते रुळांतून, चाकांमार्फत. चाकांवर जरा मळ बसला की स्वारी अडते. मग तिला फोमवर उताणं निजवायचं, कान साफ करायच्या काडीनं चाकं पुसायची, सुईच्या टोकानं तेल द्यायचं.

शेवटी पैज लागली. दसऱ्याला, साक्षीदारासमोर, हात न लावता पाच फेऱ्या. गाडी अडली तर रेल्वे माळ्यावर आणि मशीन आत.

साक्षीदार म्हणून शेजारचे लाकडाचे व्यापारी आले. मूळचे उरणकडचे, माझं प्लायवूड त्यांच्याच वखारीतलं. श्रीखंडाची वाटी घेऊन ते स्टुलावर बसले. मी मान लववून कळ फिरवली. दोन फेऱ्या झोकात झाल्या. तिसऱ्या फेरीत इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, आचका दिला आणि स्टेशनसमोर गप्प उभं राहिलं.

“माळा मी कालच झाडून ठेवलाय,” बायको म्हणाली.

मी इंजिन उलटं केलं. चाकं लालभडक. कुंकवाचा ओला लेप, आणि दातेरी चाकात अडकलेली एक अख्खी अक्षत. सकाळी मी झेंडू आणायला गेलो तेव्हा हिनं मशीन, कात्री, मिक्सर यांच्याबरोबर इंजिनाचीही पूजा केली होती. वरचं फूल मी कौतुकानं काढून ठेवलं होतं. खाली बघायचं सुचलं नाही.

“चाकांना कुंकू लावलंस?”

“मग? स्कूटरच्या चाकांना लावतो की.”

“अगं, ही अडली तर खोली तुला मिळणार होती. आणि तूच पूजा करतेस?”

“पैज वेगळी, दसरा वेगळा.”

मी साक्षीदारांना पंच करून निकाल मागितला. पंचांनी चमचा चाटला. “वहिनी, रुळावर दगड ठेवून गाडी थांबवली, तर ड्रायव्हर नापास होतो काय?”

“मी दगड ठेवला?”

“तांदूळ ठेवलात. या गाडीला तो दगडच.”

निकाल तिनं मानला. स्वतः काड्या आणल्या, आणि खोल दडलेली दुसरी अक्षत शिवणाच्या सुईनं तिनंच उचकटली. पुन्हा कळ फिरवली. चौथ्या फेरीपासून ती माझ्यापेक्षा मोठ्यानं मोजत होती. पाचवी पुरी झाली आणि मी पंचांना मिठी मारली, श्रीखंडासकट.

“खोली तुमची,” ती शांतपणे म्हणाली. “पण टेबलाचा खिडकीकडचा कोपरा रिकामाच आहे ना?”

तिथं मी डोंगर उभारणार होतो. पंचांनी वितीनं कोपरा मोजला. “मशीन मावेल की,” ते म्हणाले. फितूर माणूस.

आता ती जोरात शिलाई मारू लागली की टेबल थरथरतं आणि फलाटावरचे प्लास्टिकचे इवलेसे उतारू पटापट आडवे होतात. मग तीच मशीन थांबवून म्हणते, “तुमची माणसं उभी करून घ्या, मला अजून दुसरी बाही जोडायचीय.”