दाब उतरेपर्यंत

दादा गेला त्याला पाच आठवडे झाले. त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले, तेव्हा सलाईन लावलेल्या हातानं तो खाटेची लोखंडी दांडी चाचपत होता. "काहून असं करून राहिला गा?" मी विचारलं. "पंखा नीट चालून नाही राहिला वं... आवाज बदलला. दांडीतही थरथर लागते." दुसऱ्या दिवशी मी शिकवत असतानाच शाळेत निरोप आला.

वसंतदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. उमरेडच्या आमच्या विणकर घरातला, पण यंत्रांच्या वेडापायी थेट जहाजावर इंजिनिअर झाला. समुद्र कधी न पाहिलेल्या आईला तो समजावून सांगे, "जहाजाचं तेल डांबरासारखं घट्ट राहते, आई. तापवून पातळ करा लागते, मंग गाळा लागते. गाळणी तुंबली का इंजिन उपाशी." आई म्हणे, "मंग नीट गाळत जा बाप्पा!"

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं जहाज वादळात सापडलं. हेलकाव्यांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळून तेलात आला. गाळण्या दोन, एक चालू ठेवायची, दुसरी बंद करून धुवायची. एरवी दिवसातून एकदा व्हायचं ते काम आता दर दहा मिनिटांनी करावं लागत होतं. इंजिन थांबलं असतं तर जहाज लाटांपुढे आडवं झालं असतं. दादाच्या हाताखाली साळवी होता, कोकणातला, दोन मुलींचा बाप. घाईघाईत दादा त्याला म्हणाला, "उघड!" बंद केलेल्या गाळणीतला दाब उतरलाच नव्हता... कढत तेल साळवीच्या तोंडावर उडालं. त्याला इतरांच्या हवाली करून, वादळ शमेपर्यंत दादा एकटाच गाळण्या धूत राहिला. जहाज वाचलं. साळवीचा उजवा डोळा गेला.

साळवीनं हुकमाशिवाय गाळणी उघडली असं लिहून दे, असं चौकशीत वरिष्ठांनी सुचवलं. दादानं लिहिलं, 'उघड म्हणून मीच सांगितलं. दाब मी तपासला नाही.' साळवीवरचा ठपका टळला, त्याला किनाऱ्यावर काम मिळालं; दादाची समुद्रावरची नोकरी मात्र संपली.

नागपूरला परतून तो कोराडीच्या वीजकेंद्रात लागला. पण स्वस्थ असा बसलाच नाही. पंगतीतून उठे, सिनेमातून मध्येच बाहेर येई, रिकाम्या बसमध्येही उभा राही. "बस ना गा, दादा," म्हटलं की म्हणे, "बसलो का माझाच आवाज ऐकू येते मले... उघड, उघड."

एकदा साळवी स्वतः आला, थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. दादा त्याच्यासमोर नुसता उभा. "बसा साहेब," साळवी म्हणाला, "एवढ्या लांबून आलोय मी." दादा बसला. अख्खी दुपार बसला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं उठणं, उभं राहणं पुन्हा सुरू झालं.

माझ्याकडे जेवायला आला की तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राही आणि कुकरमधली वाफ पूर्ण जाईपर्यंत मला झाकणाला हात लावू देत नसे. "थांब वं, कुसुम." शाळेला उशीर होई, मी चिडायचे. काल वरणाचा कुकर उतरवला. शिटी उचलून पाहिली, वाफ कधीच गेली होती. तरी मी झाकण न उघडता तशीच उभी राहिले... आणि मुलं ताटांवरून मला हाका मारत राहिली.