मायच्या पदराची तिसरी गाठ

माझी माय शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिच्या पदरात अख्ख्या तालुक्याची कचेरी भरायची. यात मी तिळभर वाढवत नाही. वाढवायचं असतं तर जिल्ह्याची म्हणालो असतो. काही लक्षात ठेवायचं असलं की ती पदराच्या टोकाला गाठ मारायची. बाहेरच्यांच्या कामाची गाठ सैल, घरच्यांची दातानं ओढून घट्ट. काम झालं की गाठ सुटायची. कामाआधी सोडणं म्हणजे तिच्या लेखी देवासमोर खोटं बोलणं.

तिला दवाखान्यात नेलं तेव्हा पदराला तीन गाठी होत्या. परत आली ती पिशवीतली साडी.

मायचे दिवस उरकल्यावर माझे वडील, आबा, ती साडी मांडीवर घेऊन बसले. "तिनं ऱ्हायेल काम मी करसू."

दोन सैल गाठींचा उलगडा मी केला. गल्लीतलं कुत्रंसुद्धा विचारायचं सोडलं नाही. शेजारणीची लोणच्याची बरणी परत करायची होती, आणि तळोद्याच्या मावशीला शेवग्याच्या शेंगा पाठवायच्या होत्या. दोन्ही झालं. आबांनी दोन्ही गाठी सोडल्या.

तिसरी घट्ट होती. घरात तर आम्ही दोघंच.

आत्या म्हणाली, "कुलदेवीना नवस व्हई." आबांनी नवस फेडला. मी म्हणालो, कौलं गळतात. आबांनी कौलं चाळली. दर वेळी बोटं गाठीपर्यंत जायची आणि मागे यायची. "हाई नहीं."

मग तळोद्याहून आलेल्या मावशीनं चांगल्या मनानं साडी धुतली. गाठ आवळून ज्वारीच्या दाण्याएवढी झाली. सातपुड्यातलं अस्वल आणलं तरी सुटली नसती. मावशीनं तोंडात पदर कोंबला. आबा नुसते त्या दाण्यावरून अंगठा फिरवत बसले, ते मला सहन होईना.

"आबा, त्या गाठीचं माय मला सांगून गेली होती," मी ठोकून दिलं. "गुडघ्याला तेल लावा, नाहीतर ती इंद्राचा हत्ती घेऊन आपल्या दारात उतरणार. हत्तीला चारा तुम्ही घालायचा."

आबा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुन्ह्या गप्पा ऐकीसन ती बी अशीच हसे." मग साडीची घडी घातली. "पण गाठ ऱ्हाऊ दे."

बाकीच्या साड्या मावशीनं वाटल्या. ही आबांच्या उशाशी असते. ते अजून घरात काहीबाही काम उकरून काढतात, करतात, आणि गाठ चाचपून पाहतात.

परवा माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायला बसले होते. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. आबांनी दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली, दातानं ओढून घट्ट.