एक ते चार

धायरीतली शेतं तेव्हा भराभर विकली जात होती, आणि मी शिकवत होते त्या आठवीच्या वर्गात त्या पैशांचे नवे बूट दिसत होते. एका मुलीला मात्र त्याच जमिनीनं बापाला पोरकं केलं. वाटणीच्या भांडणात चुलत्यानं तिच्या वडिलांना तिच्या डोळ्यांदेखत मारलं. चुलता तुरुंगात गेला, मुलगी शाळेत परत आली आणि गप्प झाली.

तिला बोलतं करायचं मी मनावर घेतलं. सकाळची शाळा सुटली की तिला थांबवायची. "बोल, मन मोकळं होईल." ती फरशीकडे बघत राहायची. मी घरी डोकं धरून यायची आणि नवऱ्यावर खेकसायची.

मग एका प्रशिक्षणात समुपदेशक बाईंनी आम्हा शिक्षकांना सांगितलं, आधी स्वतःला जपा. पुण्यात जन्मलेल्या बाईला एवढं निमित्त पुष्कळ झालं. मी दारावर पाटी लावली: 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.' दुसऱ्या वाक्याचा मला विशेष अभिमान होता.

एकदा छान झोप काढून उठले, दूध आणायला दार उघडलं, तर ती जिन्यात बसलेली. मांडीवर दप्तर.

"अगं, कधी आलीस?"

"शाळा सुटल्यावर."

"मग बेल नाही का वाजवायची?"

"पाटी वाचली की बाई. म्हनून नाय वाजवली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला आत घेतलं, चहा टाकला, आणि तरी माझं सुरूच. "घरी काही झालं का? बोल ना."

"बोलायचं नाय, बाई. झोपायचंय." मग हळूच म्हणाली, "चुलत्याची मानसं रात्रीची दारात येऊन बसत्यात. मी नि आई आळीपाळीनं जाग्या ऱ्हातो."

इतके दिवस मी त्या जागरणानं पेंगुळलेल्या पोरीला शाळा सुटल्यावर थांबवून बोलायला लावत होते. झोप होते का गं, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. मी गादी घातली. चहा तसाच राहिला, ती झोपली. मी शेजारी बसून राहिले. मला स्वतःची लाज वाटत होती.

तिन्हीसांजेला ती दचकून उठली. आधी दाराकडे पाहिलं, मग चादरीची नीट घडी घातली.

"बाई, माझ्यामुळं तुमची झोप नाय ना मोडली?"

"नाही गं," मी म्हणाले. ते खरंच होतं.