पेनड्राइव्हमधली ओढणी

मी घरी बसून भरतकामाच्या नक्षी काढते. कॉम्प्युटरवर काढायच्या, पेनड्राइव्हवर घालायच्या आणि शहागंजातल्या कारखान्यात पोचवायच्या. तिथलं मशीन त्या कापडावर भरतं. कारखाना ज्यांचा, त्यांना मी चाचा म्हणते.

त्या वेळी काम चाचांच्याच घरचं होतं. मुलीचा निकाह ठरला होता, अजिंठ्याला द्यायची होती. तिच्या वारलेल्या आईनं हातानं भरलेल्या एका रुमालाची नक्षी ओढणीवर हवी होती. रुमाल इतका विरलेला, की स्कॅन करतानाच घडीवर फाटला. म्हणजे ती नक्षी आता फक्त माझ्या कॉम्प्युटरात होती.

एका सकाळी कारखान्यातून आलेला पेनड्राइव्ह लावला आणि बघता बघता माझे सगळे फोल्डर गायब. त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट, उघडावेत तर काहीच नाही. ओढणीची नक्षीही त्यांतच होती. पण बिघडलेली वस्तू आधी उघडून बघायची आणि रडायचं नंतर, ही माझी लहानपणापासूनची खोड.

"फॉरमॅट मार आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"घरात उंदीर शिरला म्हणून कुणी घर पाडतं का?" मी म्हटलं.

मग मी नुसती बघत बसले. फायली दिसत नव्हत्या, पण डिस्कवरची जागा होती तेवढीच भरलेली. चोरानं माल नेला असता तर कपाट हलकं झालं असतं. म्हणजे माल घरातच होता, दडवून ठेवलेला. मला पेनड्राइव्हमधून शिरलेल्या त्या व्हायरसची गंमतच वाटायला लागली. इंटरनेट बंद केलं, व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि लपवलेल्या फायली दाखव, असं सेटिंग केलं.

एकेक वर येऊ लागली. पेनड्राइव्हवर तर मी कधीच न काढलेल्या नक्षी निघाल्या: कुणाचा मोर, कुठल्याशा शाळेचा बिल्ला, एका मंडळाचा झेंडा. मी चाचांना फोन लावला.

"आमच्या धंद्यात कुणी नक्षी मागितली तर नाय म्हणायचं नसतं, ताई," ते म्हणाले. "तो पेनड्राइव्ह लई जणांच्या मशीनला लागून येतो."

विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कोण नाही म्हणतं? खरं तर मला राग यायला हवा होता. पण तो मोर कुणी काढला असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

"आमची नक्षी हाय ना?" चाचांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी घाईनं शोधलं. सफाईनं पुरी केलेली फाइल काही केल्या उघडेना. उघडली ती पहिली, कच्ची, रुमालावरून जशीच्या तशी उतरवलेली. तिच्यात कोपऱ्यातल्या फुलाची उजवीकडची पाकळी आखूड आणि वाकडी होती. नंतर मी ती नीट केली होती.

पेनड्राइव्ह साफ करून कारखान्यात गेले. चाचांनी एका चिंधीवर नमुना भरून दाखवला. मुलगी तिथंच होती.

"ही पाकळी तेवढी सरळ करून देते उद्या," मी म्हटलं.

मुलीनं त्या पाकळीवर बोट ठेवलं, ते उचललंच नाही.

"नका करू, ताई. अम्मीला उजव्या डोळ्यानं कमी दिसायचं. त्या बाजूची पाकळी तिच्या हातून अशीच यायची."