पठारावरचा हरिबा

हरिबा धनगर घाटमाथ्यावरचा. तो लहान असताना खालच्या खोऱ्यात विजेसाठी धरण झालं आणि गाव बुडालं. बऱ्याच जणांना दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला जमिनी मिळाल्या. थोरली बहीण गिताबाईही सासरच्या माणसांबरोबर तिकडं गेली. हरिबाचे वडील मात्र म्हशी घेऊन वरच्या पठारावर चढले. तिथंच हरिबाचं लग्न झालं, तिथंच बायको वारली. मूलबाळ नव्हतं. धरणाच्या विजेच्या तारा घरावरून जायच्या; घरात कंदीलच होता.

दोन वर्षांपूर्वी त्या पठारावरच नवा तलाव ठरला. खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि परत खाली सोडून वीज काढायची. जनसुनावणीला गिताबाई सून रुपालीला घेऊन गेली. तुम्ही दौंडच्या, तुमचा इथं काय संबंध, असं अधिकाऱ्यानं विचारलं.

"साहेब, माझं गाव तुमच्या धरणात हाय," ती म्हणाली. "आता भावाचं घर बी पाण्यात घालताय. आम्ही अजून किती वर चढायचं?"

साहेबांनी तिची हरकत नोंदवून घेतली. पावसाळा सरला आणि मंजुरी आली.

जमीन वनखात्याची, म्हणून हरिबाला काहीच मिळालं नाही. म्हशी विकून तो बहिणीकडं आला. भोवती सगळा ऊस. रोज कालव्याच्या भरावावर जाऊन तो मावळतीकडं बघत बसायचा.

"आक्का, हितनं डोंगर कसा दिसत न्हाई गं?"

त्याचं जेवण तुटत गेलं. होळीच्या आधी एका सकाळी तो उठलाच नाही.

धरणग्रस्तांच्या वसाहतीला स्वतःचं स्मशान नव्हतं. या वसाहतीसाठी आपल्या बापाची जमीन गेली, त्या रागानं गावातल्या सर्जेरावांनी पूर्वी गिताबाईच्या नवऱ्याला गावच्या स्मशानात जागा दिली नव्हती. या वेळी ते स्वतः दारात आले.

"वहिनी, गावात न्या. कुणी आडवणार न्हाई."

गिताबाई म्हणाली, "आप्पा, जवा मागितली तवा दिली न्हाई. आता ऱ्हाऊ द्या. माझ्या रानातच नेते त्याला."

सर्जेरावांनी खांदा दिला.

राख घेऊन ती घाटमाथ्यावर गेली, तेव्हा पठाराला कुंपण पडलं होतं. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. ती भांडली नाही. राख तिनं रस्त्याकडेच्या कारवीच्या झुडपांत ठेवली, हात झटकले आणि परतीच्या एसटीची वाट बघत तिथंच दगडावर बसली.